ग्राफिक्स कार्ड मध्येच हँग होतंय? दोष विजेच्या बचतीत आहे की पुरवठ्यात, ते असं शोधा

गेम जोरात चालू असताना कॉम्प्युटर हँग झाला तर कार्ड तापलं असेल, असं कुणीही सांगेल. त्याहून जास्त छळणारा प्रकार वेगळाच आहे. दोन दोन तास गेम खेळा, काही होत नाही. गेम बंद करून ब्राउझर उघडला, एखादा व्हिडिओ लावला, की चित्र जागच्या जागी थिजतं. किंवा स्लीपमधून उठवलं की पंखे फिरतात, लाइट लागतात आणि डिस्प्ले येतच नाही. दुकानात नेलं तर तिथे तासभर स्ट्रेस टेस्ट (कार्डावर सतत पूर्ण भार टाकणारी चाचणी) चालवतात आणि 'कार्ड ओके आहे' म्हणून परत देतात. दुकानदार खोटं बोलत नसतो. स्ट्रेस टेस्टमध्ये कार्ड सतत एकाच अवस्थेत पळत असतं, आणि हा दोष दिसतो तो कार्ड अवस्था बदलतं त्या क्षणी.

आरटीएक्स ३०६० सारखं कार्ड डेस्कटॉपवर रिकामं असताना २१० मेगाहर्ट्झच्या आसपास बसलेलं असतं आणि गेममध्ये १८०० च्या घरात जातं. त्याबरोबर व्होल्टेज बदलतं, मेमरीचा वेग बदलतो, आणि मदरबोर्डशी जोडणारी पीसीआय एक्सप्रेसची लिंकसुद्धा वर-खाली होते. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून 'बस इंटरफेस' ही ओळ पाहा. तिथे ४.० लिहिलेलं असतं आणि पुढे सध्याचा वेग म्हणून १.१ दिसतो. बरेच जण हे पाहून स्लॉट खराब आहे असं समजतात. तसं नसतं. काम नसताना लिंक मुद्दाम पहिल्या पिढीच्या वेगावर आणली जाते, वीज वाचावी म्हणून.

या सगळ्या वर-खाली होण्यात दोन ठिकाणी गाडी अडू शकते. एक, कार्ड खाली उतरतं आणि परत वर येताना ड्रायव्हर, लिंक किंवा मॉनिटर यांच्यापैकी कुणाचा तरी ताळमेळ चुकतो. हा बचतीचा दोष. दोन, कार्ड एकदम जास्त करंट मागतं आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा वायर तो देऊ शकत नाही. हा पुरवठ्याचा दोष. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र उलटे आहेत. म्हणून यूट्यूबवर पाहून एका बैठकीत दहा सेटिंग बदलू नका. त्याने हँग थांबला तरी कशाने थांबला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तो परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

हँग झाल्यावर लगेच रीसेटचं बटण दाबू नका

आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. लाइट लागतो-विझतो का? मागे गाणं चालू होतं तर ते अजून ऐकू येतंय का? येत असेल तर विंडोज जिवंत आहे, फक्त डिस्प्लेची बाजू अडकली आहे. आता विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. बीप वाजतो, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि नशिबाने चित्र परत येतं. चित्र परत आलं तर ड्रायव्हर किंवा बचतीच्या सेटिंगवर संशय घ्यायला चांगली जागा आहे.

कॅप्स लॉकचा लाइट ढिम्म, आवाज एकाच सुरात घरघरतोय, काहीच हलत नाही, असं असेल तर अख्खी सिस्टिम अडकली आहे. इथे कार्डाबरोबर रॅम, प्रोसेसर, एसएमपीएस सगळेच संशयित. आणि कॉम्प्युटर हँग न होता फटकन बंद पडून स्वतःच रिस्टार्ट होत असेल, तर बहुतेक वेळा शोध एसएमपीएसपासून सुरू करणं शहाणपणाचं.

त्या वेळी काय चालू होतं ते कागदावर लिहा: किती वाजता, गेममध्ये की गेम बंद करताना, व्हिडिओ लावताना की स्लीपमधून उठताना, किती मॉनिटर जोडलेले होते. मला हा कागद कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. चार-पाच नोंदी झाल्या की नमुना आपोआप दिसायला लागतो.

विंडोजने काय लिहून ठेवलंय

स्टार्टमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' शोधा, 'विंडोज लॉग्ज' आणि त्यात 'सिस्टिम' उघडा. कागदावरच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा.

'डिस्प्ले' या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर तिचा अर्थ, ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं. ही यंत्रणा विस्टापासून विंडोजमध्ये आहे. कार्डाने साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याला रीसेट करतं. रीसेटही जमलं नाही तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' लिहिलेलं असतं.

'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीला मात्र घाबरू नका. कॉम्प्युटर नीट शटडाउन झाला नव्हता, एवढंच ती सांगते. तुम्ही पॉवर बटण दाबून धरलंत तरी ती येते. नावात 'पॉवर' आहे म्हणून एसएमपीएस बदलणारे लोक मी पाहिले आहेत. ही नोंद त्यासाठी पुरावा नाही.

'डब्ल्यूएचईए-लॉगर १७' अशा पिवळ्या नोंदींची रांगच्या रांग दिसली आणि मजकुरात पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्ट (लिंकचं मदरबोर्डकडचं टोक) असेल, तर लिंकवर चुका होत आहेत आणि त्या दुरुस्त करून काम पुढे चाललं आहे. असं दिसलं की पुढे दिलेले लिंक पॉवर, रायझर (कार्ड स्लॉटपासून लांब लावायची वायर) आणि स्लॉटचे उपाय आधी करा. तो रूट पोर्ट वाय-फाय कार्डाचा किंवा एसएसडीचाही असू शकतो, तेवढं तपासून घ्या.

'रिलायबिलिटी मॉनिटर'सुद्धा पाहा. तिथे 'लाइव्ह कर्नल इव्हेंट' खाली १४१ किंवा ११७ हे आकडे असतील तर कार्ड वेळेत उत्तर देत नव्हतं, हे पक्कं. का देत नव्हतं, ते कळायला पुढच्या चाचण्या.

एकमेकींच्या उलट अशा दोन चाचण्या

सुरू करण्याआधी सगळं मूळ पदावर आणा. आफ्टरबर्नरमधलं (कार्डाचा वेग आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर) ओव्हरक्लॉक, म्हणजे वाढवलेला वेग, काढा आणि अंडरव्होल्ट, म्हणजे कमी केलेलं व्होल्टेज, तेही काढा. अंडरव्होल्ट केलेलं कार्ड स्ट्रेस टेस्टमध्ये तासन् तास टिकतं आणि हलक्या कामात, वेग बदलताना पडतं. हे अनेकांच्या ध्यानातच येत नाही. बायॉसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, तात्पुरतं बंद करा. एवढ्यानेच हँग थांबला तर ग्राफिक्स कार्डाला उगाच दोष देत होतो, असं समजा.

पहिली चाचणी: कार्डाला खाली उतरूच द्यायचं नाही. जीपीयू-झेडमध्ये 'बस इंटरफेस'च्या शेजारी प्रश्नचिन्हाचं छोटं बटण आहे. ते दाबून 'रेंडर टेस्ट' सुरू करा आणि ती लहानशी खिडकी एका कोपऱ्यात चालू ठेवा. कार्डाला सतत हलकं काम मिळतं, त्यामुळे लिंक पूर्ण वेगावर राहते आणि कार्ड अगदी तळाच्या अवस्थेत जात नाही. आता नेहमीसारखं काम करा, ज्या कामात हँग व्हायचा तेच करा. एरवी रोज हँग होणारा कॉम्प्युटर आता तीन-चार दिवस हँग झाला नाही, तर दोष बचतीच्या बाजूला आहे.

दुसरी चाचणी: कार्डाला जास्त वीज मागूच द्यायची नाही. आफ्टरबर्नरमध्ये 'पॉवर लिमिट' ७० टक्क्यांवर आणा. काही कार्डं, विशेषतः एएमडीची नवीन रेडिऑन, एवढं खाली जाऊ देत नाहीत. मग जितकं जाईल तितकं न्या आणि ड्रायव्हरमधून फ्रेम रेट ६० वर बांधून टाका. गेममध्ये होणारा हँग याने गायब झाला तर बोट पुरवठ्याकडे जातं. इथे एक शंका उरते. कार्डाची चिपच वरच्या वेगाला कच्ची झाली असेल तरीही हीच चाचणी पास होते. दोन्हींतला फरक दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच कळतो.

दोन्ही चाचण्या एकाच वेळी करू नका.

बचतीचा दोष निघाला तर

सुरुवात लिंकपासून करा. कंट्रोल पॅनलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', चालू प्लॅनसमोर 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', मग 'चेंज अॅडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. उघडलेल्या छोट्या खिडकीत 'पीसीआय एक्सप्रेस' आणि त्याखाली 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट'. 'बॅलन्स्ड' प्लॅनमध्ये डेस्कटॉपवर इथे सहसा 'मॉडरेट पॉवर सेव्हिंग्ज' असतं. ते 'ऑफ' करा, अप्लाय करा, रिस्टार्ट करा. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली लिंक रिकाम्या वेळी झोपते, तिला जागं व्हायला थोडा वेळ लागतो, आणि काही मदरबोर्ड-कार्ड जोड्यांमध्ये ही जाग नीट येत नाही. सगळ्यात कमी किमतीचा उपाय म्हणून तो आधी. डेस्कटॉपवर याने वीज फारशी वाढत नाही, त्यामुळे कायम 'ऑफ' ठेवायलाही हरकत नाही.

दोन-चार दिवस पाहा. फरक पडला नाही तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. 'पॉवर ऑप्शन्स'मध्येच 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' मध्ये त्याची खूण आहे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स डिस्कवर जतन होतात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. ड्रायव्हर बिघडलेल्या स्थितीत जतन झाला तर तीच स्थिती दिवसेंदिवस पुढे चालते. 'रिस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून 'सकाळी चालू केल्यावर हँग होतो, रिस्टार्ट केल्यावर दिवसभर ठीक' असा नमुना तुमच्या कागदावर असेल तर हा उपाय पहिल्या क्रमांकावर घ्या.

मग ड्रायव्हर. नुसता नवा ड्रायव्हर जुन्यावर टाकू नका. हवा तो ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या साइटवरून आधी उतरवून ठेवा. इंटरनेट बंद करा, नाहीतर विंडोज अपडेट मधल्या वेळेत स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. सेफ मोडमध्ये जाऊन 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या वेगळ्या सॉफ्टवेअरने जुना साफ करा, रिस्टार्ट करा, उतरवलेला टाका आणि मगच इंटरनेट जोडा. ड्रायव्हर नवाच हवा असंही नाही. हँग ज्या अपडेटनंतर सुरू झाला त्याच्या आधीचा टाकून पाहणं कधी कधी जास्त फळतं. ड्रायव्हरमुळे अख्ख्या मालिकेला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. २०१९ मध्ये आलेल्या रेडिऑन आरएक्स ५७०० मालिकेच्या वापरकर्त्यांना काळ्या स्क्रीनने बेजार केलं होतं आणि एएमडीने फेब्रुवारी २०२० मध्ये २०.२.२ या ड्रायव्हरमध्ये त्यावर बऱ्याच दुरुस्त्या दिल्या. अशा वेळी हार्डवेअर बदलून पैसे वाया जातात.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली 'पॉवर मॅनेजमेंट मोड' आहे. तो 'प्रिफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' करा असं सगळीकडे सांगतात. माझं मत, हे सगळ्या सिस्टिमला लावू नका. 'प्रोग्राम सेटिंग्ज'मध्ये जाऊन फक्त त्या गेमला किंवा ज्या ब्राउझरमध्ये हँग होतो त्याला लावा. सगळीकडे लावलं तर बऱ्याच कार्डांवर रिकाम्या वेळीही वेग वरच राहतो. धरा की त्याने २० वॅट जास्त जातात आणि कॉम्प्युटर रोज ८ तास चालतो: महिन्याला ४.८ युनिट. पैशाने ही रक्कम छोटी आहे, पण उन्हाळ्यात खोलीत आणि कॅबिनेटमध्ये तेवढी उष्णता विनाकारण वाढते.

मॉनिटरकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. मेमरीचा वेग बदलायचा असतो तेव्हा कार्ड दोन फ्रेममधली रिकामी फट पकडतं. वेगवेगळ्या रिफ्रेश रेटचे दोन मॉनिटर असले की या फटी जुळत नाहीत. म्हणून दोन मॉनिटरवर अनेक कार्डं मेमरी वरच्याच वेगावर धरून ठेवतात. वेग बदलावा की धरून ठेवावा याच्या काठावर असलेल्या जोडणीत चित्र लुकलुकतं किंवा जातं. एक मॉनिटर काढून दोन दिवस काम करून पाहा. १४४ हर्ट्झचा १२० वर आणून पाहा. फक्त स्लीपमधून उठताना डिस्प्ले येत नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत 'डीप स्लीप' बंद करा आणि डिस्प्लेपोर्टऐवजी एचडीएमआयची वायर लावून पाहा. एवढ्यात काम झालं तर कॅबिनेट उघडायचीही गरज नाही.

शेवटी बायॉस. मदरबोर्डचं बायॉस अपडेट करा. ते करताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. तिथे 'एएसपीएम' (लिंक झोपवून वीज वाचवायची सोय) नावाचा पर्याय असेल तर बंद करा. कॉम्प्युटर रिकामा पडून असतानाच अख्खा गोठत असेल आणि प्रोसेसर रायझन असेल, विशेषतः २०१७ च्या पहिल्या पिढीतला, तर 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधा आणि 'टिपिकल करंट आयडल' निवडा. तो हँग कार्डाचा नसून प्रोसेसर फार खोल झोपल्याचा असतो.

पुरवठ्याचा दोष निघाला तर

कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि मगच कॅबिनेट उघडा.

आठ पिनचा कनेक्टर पाहा. तो बहुधा सहा आणि दोन असा जोडलेला असतो. दोन पिनांचा तुकडा अर्धवट बाहेर राहिलेला अनेकदा दिसतो, आणि वरून पाहिलं तर सगळं घट्ट बसल्यासारखं वाटतं. काढून परत लावा, खटका बसल्याचा आवाज आला पाहिजे. प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल किंवा पिनेभोवती वितळलं असेल तर ती वायर परत वापरू नका. नवीन १६ पिनांच्या कनेक्टरला हे दुप्पट लागू आहे: पूर्ण आत, आणि कनेक्टरच्या अगदी जवळ वाकवायची नाही.

हिशेब असा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायर ओढा. एकाच वायरीला पुढे फुटलेली दोन तोंडं लावली की दोन्हींचा भार एकाच वायरीवर येतो. सहा पिनांना मोलेक्सवरून (जुन्या डिस्कसाठीच्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) अॅडाप्टर लावलं असेल तर ते आजच काढा.

आता एसएमपीएसचं लेबल. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकटात येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट मोठ्या अक्षरात असतं. त्याकडे पाहू नका. तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॅटचं कार्ड आहे. प्रोसेसरला उरतात ४६ वॅट. एनव्हिडियाची शिफारस या कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची आहे, आणि ती चांगल्या कंपनीचा एसएमपीएस गृहीत धरून.

वॅट पुरेसे असूनही हँग होऊ शकतो. कार्डाची मागणी क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच नियम आला, की एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट भार झेलला पाहिजे. ही उसळी एचडब्ल्यूइन्फोच्या आलेखात दिसणार नाही, कारण ते सॉफ्टवेअर साधारण दोन सेकंदांतून एकदा आकडा घेतं. तरीही ते चालवा. नवीन एनव्हिडिया कार्डांवर ते आठ पिनांतून येणारं व्होल्टेज वेगळं दाखवतं. गेम चालू असताना ते ११.४ च्या खाली जात असेल तर पुढे तपासायची गरज नाही, एसएमपीएस किंवा वायर बदला. मदरबोर्डचा १२ व्होल्टचा आकडा मात्र बऱ्याचदा चुकीचा असतो.

रायझर वायरीने कार्ड उभं लावलं असेल तर ते काढून थेट स्लॉटमध्ये बसवा. तिसऱ्या पिढीची रायझर आणि चौथ्या पिढीचं कार्ड ही जोडी चुका करते. बायॉसमध्ये स्लॉट 'जेन ३' वर, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या वेगावर, बांधला की बहुतेक वेळा ती शांत होते. कार्ड एकदा पूर्ण काढा, स्लॉटमधली धूळ काढा, सोनेरी पट्टीवर स्वच्छ मऊ खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि परत बसवा. मोठं कार्ड खाली झुकत असेल तर आधार द्या.

भिंतीकडेही पाहा. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. कार्डाचे १७०, प्रोसेसरचे शंभरेक, मॉनिटर आणि बाकीचं धरलं तर तुम्ही काठावर आहात. पावसाळ्यात वीज लुकलुकते तेव्हा यूपीएस बॅटरीवर जायला काही मिलिसेकंद घेतो, आणि हलक्या दर्जाचा एसएमपीएस तेवढा वेळ तग धरत नाही. चाचणीपुरता कॉम्प्युटर थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा. हँग थांबला तर यूपीएस मोठा घ्या.

लॅपटॉप आणि लिनक्स

वेगळी ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये सहसा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक ही मोठी चिप, आणि मोठी चिप काम नसताना पूर्ण बंद होते. एखादं अॅप उघडताना सेकंदभर सगळं थांबतं ते तिला जागं करताना. कंपनीच्या अॅपमध्ये किंवा बायॉसमध्ये फक्त मोठी चिप चालू ठेवायचा मोड असेल तर तो निवडून आठवडाभर पाहा. बॅटरी लवकर उतरेल. ड्रायव्हर आधी लॅपटॉपच्या कंपनीचाच टाका.

लिनक्सवर कर्नलच्या लॉगमध्ये एनव्हिडियासाठी 'एक्सआयडी ७९' दिसला तर कार्ड बसवरूनच, म्हणजे मदरबोर्डच्या जोडणीवरूनच, नाहीसं झालं होतं. तिथे वायर, स्लॉट आणि एसएमपीएस आधी. एएमडीसाठी 'रिंग जीएफएक्स टाइमआउट' दिसला तर ड्रायव्हरचं रनटाइम पॉवर मॅनेजमेंट बंद करून पाहा. एक फसवी गोष्ट: कर्नलला पीसीआयईचं एएसपीएम 'ऑफ' असं सांगितलं तर कर्नल त्याला फक्त हात लावत नाही, बायॉसने चालू करून ठेवलेलं तसंच राहतं. खरोखर बंद करायचं तर बायॉसमधून करा किंवा एएसपीएमची पॉलिसी 'परफॉर्मन्स' ठेवा.

जे करू नये, आणि दुकानात काय सांगावं

कार्डाच्या उत्तराची वाट पाहायची ती २ सेकंदांची मुदत विंडोजच्या रजिस्ट्रीत १० किंवा ६० करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ब्लेंडरसारख्या कामात कार्ड खरोखरच जास्त वेळ गुंतलेलं असतं, तिथे तो योग्य आहे. गेममधल्या किंवा डेस्कटॉपवरच्या हँगला त्याने काही होत नाही, फक्त थिजलेली स्क्रीन जास्त वेळ पाहावी लागते. वॉरंटी चालू असेल तर हीटसिंक उघडू नका आणि कार्डाचं बायॉस बदलू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबल्यावर बाजारात आलेली जुनी कार्डं अनेकदा बदललेल्या बायॉसची असतात. जुनं कार्ड घेतलं असेल तर त्याचं बायॉस मूळ आहे का ते जाणकाराकडून तपासून घ्या.

एवढं करूनही हँग होत असेल तर कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, दुसऱ्या एसएमपीएसवर लावा. मित्राकडे असेल तर उत्तम, नाहीतर दुकानदाराला तेवढंच करायला सांगा. तिथेही हँग झालं तर कार्ड सर्व्हिस सेंटरला द्या आणि बिलाबरोबर तुमचा कागद द्या: कोणत्या वेळी, कोणत्या कामात, इव्हेंटचा क्रमांक काय, दोन्ही चाचण्यांत काय झालं. 'स्ट्रेस टेस्ट पुरेशी नाही; गेम सुरू करून, बंद करून, स्लीपमध्ये टाकून, उठवून पाहा' असं जॉब शीटवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं टेबलापलीकडे जात नाही.